रिकॉलचा मेसेज सोलापूरला, गाडी साताऱ्यात

रिकॉलचा, म्हणजे सदोष भाग तपासून बदलण्यासाठी कंपनीनं गाडी बोलावल्याचा मेसेज आला तो मला नाही, सोलापूरच्या एका निवृत्त गृहस्थांना. गाडी त्यांच्या नावावरून माझ्या नावावर होऊन बराच काळ लोटला होता. आरटीओत फॉर्म २९, फॉर्म ३० सगळं रीतसर झालेलं, विमा माझ्या नावावर, फास्टॅग माझ्या नावावर. पण गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या लेखी मालक अजून तेच. माणूस सज्जन म्हणून बरं. दुसऱ्या कुणी ‘गाडी विकली, विषय संपला’ म्हणत मेसेज उडवला असता. त्यांनी व्यवहाराच्या जुन्या कागदांतून माझा नंबर शोधला आणि फोन केला. “ताई, ती पांढरी गाडी अजून तुमच्याकडंच आहे ना? कंपनीचं काहीतरी आलंय बघा. फुकट करून देतायत म्हणं, घ्या करून.”

मेसेज त्यांनी पुढे पाठवला. इंग्रजीत होता, मतलब असा की आपल्या वाहनातील इंधनाच्या पाइपची खबरदारीचा उपाय म्हणून तपासणी करायची आहे, गरज पडल्यास पाइप विनामूल्य बदलून मिळेल, जवळच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा. बस. घाई करा असं नाही, चालवू नका असंही नाही.

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत कर्ज विभागात आहे. दिवसभर लोकांचे कागद वाचायचे, आणि कागदात काय लिहिलंय यापेक्षा काय लिहिलेलं नाही ते शोधायचं, हे माझं काम. ‘खबरदारीचा उपाय’ हे शब्द मला पुरेनात. संध्याकाळी बसून कंपनीनं शेअर बाजाराला दिलेलं निवेदन काढलं. लिस्टेड कंपनीला असं काही महत्त्वाचं असेल तर ते कळवावं लागतं. त्यात तोच पाइप, तीच मोहीम, पण एक वाक्य जास्तीचं होतं: इंधनगळती होऊन क्वचित प्रसंगी इंजिनच्या भागात आग लागण्याची शक्यता नाकारता येत नाही. म्हणजे शेअर घेणाऱ्याला आग सांगितली आणि गाडी चालवणाऱ्याला तपासणी.

घरात मात्र वेगळीच चर्चा. रिकॉल म्हटल्यावर सासऱ्यांना वाटलं, कंपनी गाडी परत घेऊन पैसे देणार. “देऊन टाक की मग. नाहीतरी डिकीत सीएनजीचा सिलेंडर आहे, सामान कुठं बसतं त्यात.” हा समज त्यांचा एकट्याचा नाही, ऑफिसातही दोघातिघांनी हेच विचारलं. कायद्यात तसं आहेही, पण ते वेगळं प्रकरण. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा ११०-अ हे कलम आलं. सरकारनं स्वतः रिकॉलचा आदेश दिला, तर कंपनीनं पूर्ण किंमत परत करायची किंवा गाडी बदलून वा दुरुस्त करून द्यायची, वर दंडही भरायचा. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना ते लागतात, आणि दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत आहे. आपल्याकडे दिसणारे रिकॉल बहुतेक कंपनीनं आपणहून केलेले असतात. त्यात सदोष भाग फुकट बदलून मिळतो, गाडी आपलीच राहते. वाहन उत्पादकांच्या संघटनेनं २०१२ साली त्यासाठी स्वेच्छेची एक आचारसंहिता केली होती. त्याआधी तर सगळा मनाचा कारभार. २०१० च्या मार्चमध्ये मुंबईत शोरूममधून घरी चाललेली कोरी नॅनो रस्त्यात जळाली, त्याचे फोटो घराघरांत पोचले होते. वर्षाअखेरीस कंपनीनं एक्झॉस्ट आणि वायरिंगला जादा संरक्षण बसवून देऊ असं जाहीर केलं, फुकट. पण हा रिकॉल नाही, असंही बजावून सांगितलं. त्याच वर्षी मारुतीनं ए-स्टारच्या सुमारे १ लाख गाड्या इंधनगळतीच्या शंकेवरून बोलावल्या होत्या. २०१४ मध्ये पुन्हा त्याच कंपनीनं अर्टिगा, स्विफ्ट, डिझायर मिळून १,०३,३११ गाड्या बोलावल्या, तेव्हा दोष पेट्रोल भरतो त्या नळीच्या तोंडाशी होता. सासऱ्यांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे पैसे नाहीत.” आणि पेपर उघडला.

आता आपली गाडी त्या यादीत आहे का, ते बघायचं. कंपनीच्या संकेतस्थळावर चॅसी नंबर टाकायचा असतो. हा १७ अक्षरांचा. आरसीवर असतो आणि गाडीच्या सांगाड्यावरही ठोकलेला असतो. आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं त्यात कधीच नसतात, एक आणि शून्याशी घोळ होऊ नये म्हणून. आरसीचं कार्ड झिजलेलं असेल, तर एवढं माहीत असलेलं बरं. नंबर टाकला. ‘आपले वाहन या मोहिमेत समाविष्ट आहे’ असं आलं. खाली अपॉइंटमेंटचं बटण. ते दाबलं तर ओटीपी गेला सोलापूरला.

सोलापूरला फोन लावला. दुपारची वेळ, ते झोपलेले. काकूंनी उचलला. मोबाइल चार्जिंगला होता तो शोधून, चष्मा शोधून, आकडे वाचून दाखवेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला. काकू आकडे सांगता सांगता मध्येच थांबल्या, “पण हे असं ओटीपी कुणाला सांगू नका म्हणतात ना?” मला हसावं की काय करावं कळेना, कारण आमच्या काउंटरवर हे वाक्य छापलेला बोर्ड आहे आणि तो मीच लावून घेतलाय. शेवटी काका उठले, त्यांनी खात्री करून घेतली, मग आकडे मिळाले. मालकाचं नाव आणि मोबाइल बदलून द्या म्हणून मी कस्टमर केअरला सांगितलं. तिथल्या मुलीनं गोड आवाजात उत्तर दिलं, “मॅम, त्यासाठी रजिस्टर्ड नंबरवरून कॉल करावा लागेल.”

अपॉइंटमेंट पुढची होती. तोवर गाडीचं काय करायचं? पोवई नाक्याजवळचे आमचे मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे गेले. गाडीला पहिल्या मालकांनी बाहेरून सीएनजी किट बसवून घेतलंय. त्यामुळे कधी वास आला, की जो तो म्हणे गॅसचाच असणार. मला तसं वाटत नव्हतं. सीएनजीत मुद्दाम घातलेला वास सडक्या कांद्याच्या जातीचा असतो, नाकात बसतो. सकाळी गाडी चालू करताना कधीमधी यायचा तो पंपावर येतो तसला, साधा पेट्रोलचा. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, टॉर्च मारला, वाकून नाक लावलं आणि म्हणाले, “पेट्रोलच आहे.”

मग त्यांनी समजावलं ते मला त्या मेसेजपेक्षा शंभर पटींनी उपयोगी पडलं. पंप असतो मागं टाकीत. तो पेट्रोल दाबानं पुढं ढकलतो, साधारण तीन-साडेतीन बार. टायरमध्ये आपण हवा भरतो ती सव्वादोन बारच्या आसपास, म्हणजे त्याहून जास्त. टाकीपासून पुढपर्यंत लोखंडी नळी, आणि शेवटचा इंजिनला जोडणारा तुकडा लवचिक, कारण इंजिन हलतं. हा तुकडा इंजिनच्या गरमीत असतो. त्याला क्लिपपाशी चीर गेली, तर पेट्रोल ठिबकतच असं नाही, फवाऱ्यासारखं धुकं होऊन उडतं. पेट्रोलची वाफ धरायला थंडीचीही आडकाठी नसते, उणे ४० अंशांनाही ती पेटू शकते. तिथं शेजारी तापलेला एक्झॉस्ट, अल्टरनेटर, स्टार्टरची वायर, सगळा संसार एका हाताच्या अंतरावर.

“पण मी तर सीएनजीवर चालवते.”

“चालू कशावर होते? पेट्रोलवरच की. इंजिन गरम झालं की मग गॅसवर जाते. लाइन कायम भरलेली. आणि बंद केली तरी प्रेशर लगेच उतरत नाही, बराच वेळ लाइनमध्ये राहतं.” मग जरा थांबून म्हणाले, “ताई, काम होईस्तोवर बिल्डिंगच्या खाली नका लावू. उघड्यावर लावा. आणि कधी बॉनेटमधून धूर दिसला तर बॉनेट उघडायला जाऊ नका, हवा मिळाली की भडकतं. चावी बंद करा, माणसं बाहेर काढा आणि लांब जा. गाडी गेली खड्ड्यात.”

पाइप ते स्वतः बदलून देऊ शकले असते. मी विचारलंही. त्यांनीच नको सांगितलं. बाहेरून बदलला, की कंपनीच्या रेकॉर्डला मोहीम अपुरीच दिसणार, आणि उद्या काही झालं तर ‘बाहेर काम केलं’ हे कारण आयतं मिळणार. स्वतःचं गिऱ्हाईक सोडून असं सांगणारा माणूस गाठीला असणं ही साताऱ्यात राहण्याची खरी मिळकत आहे, असं माझं मत.

इंजिनला आग लागू शकते अशी गाडी घराखाली लावू नये हे त्या मेसेजमध्ये यायला काय हरकत होती, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. त्यानं सांगितलं, तिकडे हे स्पष्ट लिहितात. सप्टेंबर २०२३ मध्ये ह्युंदाई आणि किआनं अमेरिकेत मिळून ३३ लाखांहून जास्त गाड्या रिकॉल केल्या. ब्रेकच्या एका युनिटमध्ये द्रव गळून शॉर्टसर्किट होण्याची, त्यातून इंजिनच्या भागात आग लागण्याची भीती होती. दुरुस्ती होईपर्यंत गाडी उघड्यावर, इमारतींपासून दूर उभी करा, असं मालकांना सांगितलं होतं. तिथल्या वाहन सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर चॅसी नंबर टाकला, की कोणत्या मोहिमा बाकी आहेत ते कुणालाही दिसतं. मालक कोण याची चौकशी नाही आणि सोलापूरला ओटीपीही नाही.

आता आमची इमारत. शाहूपुरीत आहे, खाली स्टिल्ट पार्किंग. माझी जागा अगदी मीटरच्या पॅनेलला लागून. सगळ्या फ्लॅटचे वीजमीटर तिथं ओळीनं. त्यांच्या खाली एका भाडेकरूची इलेक्ट्रिक स्कूटर रात्रभर चार्जिंगला, आणि बरोबर वर पहिल्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. हे दृश्य मी रोज बघत होते, पण मिस्त्रींचं ऐकून आले त्या संध्याकाळी गाडी आत घालवेना. समोर रस्त्याकडेला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी काका दारात. “अहो, तिथं लावली तर घंटागाडी वळत नाही. स्वतःची जागा असताना रस्त्यावर कशाला?” मी त्यांना कंपनीचं शेअर बाजारातलं निवेदन वाचून दाखवलं. काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. “मग समोर तरी कशाला? पलीकडच्या गल्लीत लावा ना!” पलीकडच्या गल्लीतल्या लोकांचं काय, हे त्यांनी विचारात घेतलं नव्हतं. शेवटी वॉचमननं तोडगा काढला. कोपऱ्यावर एक मोकळा प्लॉट आहे, त्याचा मालक पुण्याला असतो. त्याला फोन करून त्यानंच परवानगी घेतली. जाता-येता पाच मिनिटं चालणं वाढलं. ऑफिसला मी दुचाकीवर जायला लागले, गाडी अगदी अडलं तरच काढायची. खंबाटकीच्या चढात कित्येकदा अडकून पडलेली आहे मी, पुढे ट्रक, मागे ट्रक, इंजिन तापलेलं. तो घाट या पाइपसकट चढायचा नाही, एवढं ठरवलं होतं.

सर्व्हिस सेंटर हायवेला आहे. काचेचं मोठं दालन, एसी, कॉफीचं मशिन, भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचं चित्र. माझ्या वाट्याला आलेला अ‍ॅडव्हायझर पंचविशीतला मुलगा, अदबीनं बोलणारा. त्यानं टॅबवर नंबर टाकला आणि म्हणाला, “हो मॅडम, कॅम्पेनमध्ये आहे गाडी. पण पार्ट आलेला नाही अजून. आला की कॉल करतो.”

“तोवर?”

“तोवर चालवा की. प्रिकॉशन म्हणून आहे हो ते. बिनधास्त चालवा.”

“पेट्रोलचा वास येतो.”

“तो येतो थोडाफार मॅडम, सीएनजी आहे ना.”

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी पर्समधून पेन काढून त्याच्यापुढे ठेवलं. “मग असं करा. जॉब कार्डवर एवढंच लिहा, पाइप बदलेपर्यंत ही गाडी चालवायला सुरक्षित आहे. खाली तुमची सही आणि शिक्का.”

तो हसला. मग मी हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं. “तसं नाही लिहिता येत, मॅडम.”

“आत्ता बोललात ना?”

“बोललो, पण… सिस्टममध्ये तसा रिमार्क नाही टाकता येत.”

मॅनेजरसाहेब आले. खुर्ची दिली, कॉफी मागवली. त्यांचंही म्हणणं तेच, घाबरण्यासारखं काही नाही. पण लिहून देण्यासारखंही काही नाही. मी म्हटलं, सुरक्षित आहे असं लिहीत नसाल तर नाही असं लिहा, मी गाडी इथंच सोडून जाते. इथं लावायला जागा नाही, असं उत्तर आलं. एक गोष्ट सांगते, आवाज कुणीच चढवला नाही. मी कर्ज मागायला आलेल्या माणसाशी बोलते तशीच बोलत होते, आणि तेही कर्ज मागणाऱ्यासारखेच नजर चुकवत होते. बऱ्याच वेळानं जॉब कार्डवर हे उमटलं: ग्राहकाची तक्रार, इंजिनच्या भागात पेट्रोलचा वास, रिकॉलचा पाइप उपलब्ध नाही, आल्यावर कळवण्यात येईल. तारीख, वेळ, किलोमीटर, शिक्का. मला तेवढं पुरेसं होतं. ‘वास येतो’ हे त्यांच्या कागदावर, त्यांच्या शिक्क्याखाली आलं होतं.

निघताना त्या मुलानं हळूच आणखी एक फाटा फोडला. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांना कॅम्पेन लागू होईल का, ते वर विचारावं लागेल म्हणे. ही शंका खरी असेल, तर साताऱ्यातल्या निम्म्या टॅक्सी रिकॉलमधून बाद व्हाव्या लागतील! मी आरसी दाखवली, किटची नोंद तिच्यावर आहे. सिलेंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी करावी लागते, तिची पाटी दाखवली. विम्यावरही किटची नोंद आहे. हे मी कुणालाही सांगेन, किट आरसीवर आणि पॉलिसीवर चढवलेलं नसेल तर गाडी जळाल्यावर विमा कंपनीशी भांडणं अवघड होतं. आणि नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर स्वतःच्या जळालेल्या गाडीचे पैसे मुळात मिळतच नाहीत. माझा मुद्दा सरळ होता. रिकॉल पेट्रोलच्या पाइपचा आहे, पाइप तुमच्या कारखान्यात बसलेला आहे, आणि तुमच्याच संकेतस्थळानं हा चॅसी नंबर यादीत दाखवलाय. किटचा संबंध कुठे येतो? ते विचारून सांगणार होते. त्यावर पुढे कुणी काही बोललं नाही.

फोन आला नाही. मी केला की ‘पार्ट ट्रान्झिटमध्ये आहे’. ट्रान्झिटमध्ये म्हणजे कुठे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग कंपनीच्या मुख्य कार्यालयाला मेल लिहिला. लांबलचक कैफियत नाही, मोजक्या ओळी. चॅसी नंबर, जॉब कार्ड जोडलंय, त्यावर वासाची नोंद आहे, शेअर बाजाराला दिलेल्या निवेदनात आगीचा उल्लेख आहे, पाइप किती तारखेपर्यंत येईल ते कळवा, तोवर गाडी वापरावी की नाही हेही लेखी कळवा. उत्तर आलं ते ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ या छापाचं. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन करून तक्रार नोंदवली. तिथं मराठीत बोलता आलं. तक्रारीचा क्रमांक मिळाला, तो टाकून तोच मेल पुन्हा पाठवला. खाली एक ओळ वाढवली, की ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सदोष उत्पादनाच्या जबाबदारीचं स्वतंत्र प्रकरण आहे, ते मी वाचलेलं आहे. फोनवरची भाषा दुसऱ्याच दिवशी बदलली. कुणीतरी विभागीय अधिकारी बोलले, गाडी चालवत आणू नका, आम्ही उचलून नेतो म्हणाले. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका वर्कशॉपमध्ये तो पाइप शिल्लक होता, तो इकडे आला. म्हणजे ट्रान्झिट वगैरे काही नव्हतंच.

मोकळ्या प्लॉटवरून गाडी टोइंगच्या ट्रकवर चढली, तेव्हा बघायला निम्मी गल्ली. सेक्रेटरी काका सर्वांत पुढे.

वर्कशॉपमध्ये ग्राहकांना जाऊ देत नाहीत, काचेतून बघायचं. मी म्हटलं, जुना पाइप बघितल्याशिवाय मी सही करणार नाही. मॅनेजर आता माझ्याशी कशावरच वाद घालत नव्हते, त्यांनी आत पाठवलं. काम करणारा मुलगा आयटीआयचा, वडूजकडचा. बोटांची नखं काळी, हात एकदम सावकाश. त्यानं आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली नाही, ते मी विचारलंच. “आधी प्रेशर उतरवायचं मॅडम.” त्यानं फ्यूज बॉक्समधून इंधनपंपाचा फ्यूज उपटला आणि इंजिन चालू केलं. थोडा वेळ चाललं, मग गचके देत बंद पडलं. लाइनमधलं प्रेशर उतरलं. मग बॅटरी सोडली. पाइपच्या जोडाखाली फडकं धरलं आणि क्लिप दाबून ओढली. तरी चमचाभर पेट्रोल फडक्यात आलंच. वास भपकन नाकात.

त्यानं तो तुकडा माझ्या हातात दिला. वीतभर लांबीचा, काळा. वरून बघितलं तर काहीच नाही. “वाकवून बघा,” तो म्हणाला. क्लिपच्या खुणेजवळ वाकवला तर बारीक भेगा उघडल्या, जुन्या चपलेच्या पट्ट्याला पडतात तशा. एका भेगेच्या कडेला ओल होती, तिच्यावर धूळ चिकटून काळसर डाग झालेला. डाग जुना होता. म्हणजे हे आज-कालचं नव्हतं, बरेच दिवस चाललं होतं. मी काही बोलले नाही, त्या मुलालाच राहवलं नाही. “मॅडम, या कॅम्पेनच्या गाड्या केल्यात मी बऱ्याच. सगळ्यांचं असं नसतं. तुमचा मात्र वेळेत निघाला.” पाइप मला घरी न्यायचा होता. तो कंपनीला परत पाठवावा लागतो म्हणाले. मी फोटो काढून घेतले, पट्टी लावून, चॅसी नंबरचा कागद शेजारी ठेवून. सवय आहे. तारणाच्या सोन्याचे फोटो आम्ही असेच काढतो.

बिल शून्याचं यायला हवं होतं. आलं ते काही शे रुपयांचं, कारण क्लिपा आणि ‘कन्झ्युमेबल्स’ वेगळे लावले होते, आणि मी न मागितलेलं वॉशिंगही. क्लिपशिवाय पाइप बसतो का, एवढंच विचारलं. बिल पुन्हा छापून आलं, शून्याचं. त्यावर मोहिमेचा क्रमांक आणि ‘पूर्ण’ असा शेरा मागून घेतला. गाडी विकताना तो कागद लागणार आहे.

राहिलं मालकाचं नाव. त्यासाठी आरसीची प्रत, आधार, पहिल्या मालकांचं संमतिपत्र एवढं मागितलं. संमतिपत्राची गरज काय, सरकारनं माझ्या नावावर केलेली गाडी माझी आहे हे पुरेसं नाही का? पण इथं मी भांडत बसले नाही. सोलापूरच्या काकांनी एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून, सही करून, फोटो पाठवला. वर विचारलं, आता तरी त्यांना सर्व्हिसचे मेसेज यायचे थांबतील का. थांबले.

वास गेला. पहिले काही दिवस मी सकाळी बॉनेटजवळ नाक नेऊन बघायचे, शेजारणीनं एकदा विचारलंही, काय शोधताय म्हणून. आजींच्या खाली गाडी पुन्हा उभी राहायला लागली. स्कूटरच्या चार्जिंगची जागा मीटरपासून हलवावी म्हणून मी सोसायटीच्या सभेत विषय मांडला, तो अजून ‘पुढील सभेत’ आहे.

आमच्या संस्थेत जुन्या गाड्यांसाठी कर्जं बरीच जातात. अर्जासोबत आरसी, विमा, पीयूसी, व्हॅल्युएशन एवढं घेतो. आता मी चॅसी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघते आणि मार्जिनमध्ये पेनानं लिहिते, रिकॉल बाकी आहे की नाही. छापील फॉर्ममध्ये तो रकाना नाही. मॅनेजरनी एकदा विचारलं, हे कुणी सांगितलं करायला? तारण जळालं तर वसुली कशातून करायची, असं म्हटल्यावर ते गप्प बसले. परवा कोरेगावचा एक भाजीवाला आला होता. गाडी माझ्याच मॉडेलची, पहिला मालक चिंचवडचा. नंबर टाकला, मोहीम बाकी. मेसेज त्याला आलेलाच नव्हता. गाडी रात्री कुठे लावतो विचारलं. घराच्या पडवीत, म्हणाला. मी आधी त्याला १९१५ नंबर लिहून दिला, मग कर्जाचा फॉर्म.